झाकणाचा कबुलीजबाब

युरोपात कचऱ्याच्या डब्यालाही आवाज असतो, आणि तो कायद्यानं नोंदलेला असतो. डबा म्हणजे आपल्याकडं हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसतो तसलाच : प्लास्टिकचा, छातीएवढा उंच, मागं दोन चाकं आणि वर झाकण. त्या झाकणावर किंवा पुढच्या अंगाला तळहाताएवढा एक चौकोन उठवलेला असतो. चौकोनात भोंग्यासारखं चित्र, 'एल डब्ल्यू ए' ही तीन रोमन अक्षरं आणि सगळ्यात ठळक एक आकडा : ९९ डेसिबल. कुणाच्या डब्यावर ९७ असेल, कुणाच्या १००. पण आवाजाचा आकडा नाही असा डबा म्हणजे बिनाकागदपत्रांचा परदेशी पाहुणा. तिकडं दोघांनाही थारा नाही.

मी हा आकडा पाहिला तो मुलीकडं, श्टुटगार्टजवळच्या एका गावात. परदेशी मुलीकडं राहायला गेलेल्या बापाला फारशी कामं नसतात. नातवाला बालवाडीत सोडायचं, हीटरला हात लावायचा नाही आणि कचरा खाली नेऊन टाकायचा. पैकी तिसऱ्या कामात मी लवकरच निष्णात झालो. कागदाचा डबा वेगळा, ओल्याचा वेगळा, उरलेल्याचा वेगळा. शिवाय चहाची पिशवी ओल्यात जाते पण तिचं कागदी शेपूट कशात जातं, यावर घरात दोन पक्ष. या सगळ्यात डोकं इतकं गुंतलेलं असतं की डब्यावरचा मजकूर वाचायला सवड मिळत नाही. पण मी पुण्याचा. मला फुकट वाचायला मिळालेलं कुठलंच सोडवत नाही.

एकदा वाचल्यावर मात्र राहवेना. ज्या डब्याला मोटर नाही, बॅटरी नाही, साधी घंटासुद्धा नाही, तो ९९ डेसिबल काढणार कुठून? बायकोचं म्हणणं, डबा पूर्ण भरला की तो आपोआप वाजत असणार, कारण जर्मन लोकांचं काही सांगता येत नाही. मुलीला वाटत होतं की डब्यापाशी उभं राहून जास्तीत जास्त किती मोठ्यानं बोलावं, त्याची ती मर्यादा आहे. हे सांगताना ती माझ्याकडं का बघत होती, ते मी विचारलं नाही. नातू म्हणाला, आत राक्षस असतो. तिन्हींतलं सर्वांत तर्कशुद्ध उत्तर हेच होतं, हे पुढं कळलं. कारण बाकी कुठल्याच उत्तरात आवाज करणारा कुणी नव्हता.

गोंधळात भर म्हणजे त्याच झाकणावर दुसरेही आकडे असतात. २४० लिटरच्या डब्यावर २४० असतं, ते धारण. ९६ किलो असतं, ते जास्तीत जास्त वजन. लिटरमागं चारशे ग्रॅमचा हिशेब. 'ई एन ८४०' असतं, ते डब्यांच्या युरोपीय मानकाचं नाव. शिवाय डबा कुठल्या साली, कुठल्या महिन्यात ओतला ते दाखवणारी छोटी गोल तबकडी. आपल्याकडं जन्मपत्रिकेत मावत नाही इतकी माहिती त्या झाकणावर मावते. त्यात ९६ किलो आणि ९९ डेसिबल हे शेजारी-शेजारी आले की माणूस दोन्हींचा अर्थ वजन असाच लावतो. तळमजल्यावरच्या आजी (वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनीच मोठ्या, पण नातवामुळं त्या आमच्याही आजीच झाल्या) कित्येक वर्षं असं समजत होत्या की ९६ किलो एरवी चालतं आणि नाताळात ९९.

उलगडा केला जावयानं. जावई इंजिनियर, आणि इंजिनियरांमधल्या त्या दुर्मिळ पोटजातीतला, जी टोस्टरचं माहितीपत्रकही शेवटच्या पानापर्यंत वाचते. त्यानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "बाबा, याचा कायदा आहे." कायदा म्हणजे युरोपीय संघाचं ८ मे २००० चं फर्मान, क्रमांक २०००/१४, अंमल ३ जानेवारी २००२ पासून. उघड्यावर वापरायच्या यंत्रांच्या गोंगाटाबद्दल आधीची नऊ फर्मानं होती, ती गुंडाळून हे एक केलं. त्यात ५७ प्रकारची यंत्रं नावानिशी दिली आहेत. टॉवर क्रेन, काँक्रीट मिक्सर, जमिनीत खांब ठोकणारी अवजड यंत्रं, लाकडं कापायची करवत, पानं उडवायचा पंखा, हिरवळ कापायचं यंत्र, खुद्द कचऱ्याची गाडी. आणि या दांडगटांच्या रांगेत, ३९ व्या क्रमांकावर, खाली मान घालून उभा असलेला कचऱ्याचा डबा. त्याची व्याख्याही दिली आहे : कचरा तात्पुरता साठवण्यासाठी असलेलं, चाकांचं, झाकणाचं भांडं. 'तात्पुरता' हे कायद्यात लिहून ठेवावं लागलं, यातच त्या लोकांचा दूरदर्शीपणा दिसतो. आमच्या जुन्या वाड्याच्या कोपऱ्यावरच्या कुंडीला ही व्याख्या लागू झाली नसती.

आता इंजिन नसलेल्या वस्तूला यंत्रांच्या कायद्यात कसं घेतलं? तर यंत्र म्हणजे काय हे सांगतानाच कायद्यानं एक खिडकी उघडी ठेवली आहे : बाहेर वापरायची आणि परिसराच्या गोंगाटात भर घालणारी वस्तू असेल, तर ती बिनइंजिनाची असली तरी चालेल. या खिडकीतून दोघं आत आले, कचऱ्याचा डबा आणि काचेच्या बाटल्या टाकायची पेटी. डब्याला ओढणारं इंजिन म्हणजे सध्या मीच, हे जावयानं बोलून दाखवलं नाही. तसा तो सभ्य आहे.

पण खरी गंमत पुढंच आहे. या ५७ जणांचे कायद्यानं दोन गट केले आहेत. पहिल्या गटाला आवाजाची कमाल मर्यादा. ती ओलांडली तर माल बाजारात आणता येत नाही, आणि तपासणीला बाहेरची अधिकृत संस्था. दुसऱ्या गटाला मर्यादाच नाही! त्यानं आवाज किती होतो तो मोजायचा, आकडा अंगावर छापायचा आणि सुटायचं. मोजायचाही ज्याचा त्यानंच. आपला डबा या दुसऱ्या गटात. म्हणजे तो आकडा ना मर्यादा आहे, ना इशारा, ना सूचना. तो निव्वळ कबुलीजबाब आहे. "होय, मी ९९ करतो," असं डबा सांगतो, आणि कायदा म्हणतो, "बरं झालं सांगितलंस. जा."

हिरवळ कापायच्या यंत्राचं मात्र तसं नाही. पन्नास सेंटीमीटरपर्यंत पट्टा कापणारं यंत्र असेल तर त्याला ९६ डेसिबलची मर्यादा. पेट्रोलवर चालणारं, पाती गरगर फिरवणारं, शनिवारची सकाळ नासवणारं ते यंत्र ९६ च्या पुढं जाऊ शकत नाही, आणि कोपऱ्यात गुपचूप उभा असलेला डबा छातीवर ९९ लावून बसलेला! डेसिबलच्या हिशेबात तीनचा फरक म्हणजे दुप्पट. कागदोपत्री पाहिलं तर माझ्या मुलीचा कचऱ्याचा डबा शेजाऱ्याच्या गवतयंत्राच्या दोन पट बोंबलतो. फरक इतकाच की गवतयंत्र तासभर बोंबलतं आणि डबा एकदा.

डेसिबलचा हा हिशेब बायकोला समजावताना जावयाची जी दमछाक झाली, ती मी मनापासून पाहिली. तो म्हणाला, "आई, ९९ चा एक डबा आणि ९९ चा दुसरा, दोन्ही एकदम आपटले तर किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव," बायको म्हणाली. ती बँकेत होती.

"एकशे दोन."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. या मुलाला आपण मुलगी दिली, असा त्या पाहण्यात भाव होता. चार डबे एकदम आपटले तर एकशे पाच आणि दहा आपटले तर एकशे नऊ, हे ऐकल्यावर तिनं भाजीत मीठ किती घातलंय ते पाहायला आत जाणं पसंत केलं. आतून एवढंच ऐकू आलं की असल्या हिशेबावर पासबुक चालवलं असतं तर तिला पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं.

मला मात्र त्यात रस वाटू लागला. डब्यावरचा आकडा म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणारा आवाज नव्हेच. तो डब्यातून निघणारी एकूण ध्वनिशक्ती सांगतो. कानापर्यंत काय येतं ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर. ९९ चा डबा मोकळ्या फरसबंदीवर असेल तर दहा मीटरवर साधारण ७१ ऐकू येतात. आणि शक्ती म्हणून पाहिलं तर ९९ डेसिबल म्हणजे केवढी? जेमतेम आठ मिलिवॉट! आपल्याकडं देवघरात ज्याला 'झीरोचा बल्ब' म्हणतात, तो खरं म्हणजे पंधरा वॉटचा असतो. त्या एका झीरोच्या बल्बाची बरोबरी करायला एकोणीसशेच्या घरात डबे एकाच क्षणी आपटावे लागतील. निसर्गानं कानाला इतकं हळवं करून ठेवलंय की झीरोच्या बल्बाच्या दोन हजाराव्या भागानं माणूस अंथरुणातून उठून खिडकीत येतो आणि खाली कोण आहे ते पाहतो. जर्मनीत तर खिडकीत यायला एवढाही लागत नाही.

हा आकडा काढायचा कसा, ते कायद्याच्या मूळ परिशिष्टात दिलेलं आहे, आणि सरकारी कागदात मी इतकं रंगून जाऊन काही वाचल्याचं स्मरत नाही. डबा रिकामा हवा. परीक्षा तीन. पहिली, झाकण पाडायची. परीक्षकानं डब्याच्या मागं, बिजागरीच्या बाजूला उभं राहायचं. झाकण सरळ उभं धरायचं, मधोमध धरायचं, म्हणजे पडताना ते वाकडं होणार नाही. मग ते सोडायचं. ढकलायचं नाही, झटका द्यायचा नाही, फक्त सोडायचं. आणि झाकण पूर्ण मिटेपर्यंत जागचं हलायचं नाही. असं वीस वेळा. दुसरी परीक्षा, झाकण मागं पूर्ण उघडून पडू द्यायची. तीही वीस वेळा. तिसरी, डबा ओढायची. त्यासाठी जमिनीवर लोखंडी जाळीच्या सहा मीटर लांबीच्या दोन समांतर पट्ट्या ठोकायच्या. हा झाला खडबडीत रस्ता. त्यावरून डबा सेकंदाला साधारण एक मीटर या वेगानं न्यायचा, ४.२४ मीटर. दोन चाकांचा डबा कलता किती धरायचा, तेही सांगितलंय : डबा आणि ती वाट यांच्यात पंचेचाळीस अंशांचा कोन झाला पाहिजे.

पंचेचाळीस अंशांचा! मी पुण्यात पालिकेचा कचरा उचलणारी माणसं पाहिली आहेत. पाठीवर, डोक्यावर, ढकलगाडीवर, एका हातात दोन बादल्या आणि दुसऱ्या हातात बिस्किटाच्या पुड्याला लोंबकळणारं कुत्रं. त्यांच्या बादलीचा आणि रस्त्याचा कोन मोजायला कुणी आलं नाही. आलं असतं तर त्याच्याच हातात एक बादली गेली असती.

मला सारखा तो परीक्षक डोळ्यांसमोर येतो. डब्याच्या मागं उभा राहून झाकण सोडणारा, आणि सोडल्यावर निश्चल उभा राहणारा माणूस. भोवती मायक्रोफोन. सहकारी आकडे टिपतायत. संध्याकाळी तो घरी जातो आणि बायको विचारते, आज काय केलंत? आपल्याकडं अशा मुलाचं स्थळ आलं तर काय होईल? "मुलगा युरोपात असतो." "अरे वा, काय करतो?" "कचऱ्याच्या डब्याचं झाकण पाडतो." "पाडतो म्हणजे?" "ढकलत नाही. नुसतं सोडतो." पगार ऐकल्यावर मात्र मुलीकडचे पत्रिका मागतील.

त्याच्याहून सुखी जीव एकच, काचेच्या पेटीचा परीक्षक. त्या पेटीच्या चाचणीला कायद्यानं १२० बाटल्या सांगितल्या आहेत. पाऊण लिटरच्या, प्रत्येकी ३७० ग्रॅम वजनाच्या, तीस ग्रॅम इकडंतिकडं. एकेक बाटली मानेला धरून, बुडाकडून भोकात ढकलायची. पाऊण लिटर हे माप कशाच्या बाटलीचं, हे मराठी वाचकांतल्या निम्म्यांना सांगायला नको आणि उरलेल्या निम्म्यांना सांगून उपयोग नाही. माझा प्रश्न साधा आहे. चाचणीच्या दिवशी प्रयोगशाळेत १२० रिकाम्या बाटल्या येतात, त्या आदल्या रात्री भरलेल्या असतात का? परिशिष्ट यावर मौन पाळतं.

या पेट्या मी रोज पाहिल्या. कोपऱ्यावर तीन : पांढऱ्या काचेची, तपकिरी काचेची, हिरव्या काचेची. निळी बाटली असेल तर ती हिरव्यात. पेटीवर वेळ लिहिलेली : कामाच्या दिवशी सकाळी अमुकपासून रात्री तमुकपर्यंत. रविवारी बंद. बंद म्हणजे कुलूप नव्हे, भोक उघडंच असतं; पण रविवारी तिथं बाटली टाकायला जाणं म्हणजे आपल्याकडं कुणाच्या दहाव्याला ढोल-ताशा घेऊन जाण्यातला प्रकार. बायकोनं पुण्याहून नेलेल्या लोणच्याच्या बरण्या एका शनिवारी रात्री रिकाम्या झाल्या. रविवारभर त्या दाराशी पिशवीत बसून होत्या आणि घरभर मोहरीचा वास. सोमवारी मी त्या नेल्या. खरं सांगतो, बरणी आत पडल्यावर खोलात कुठंतरी जो खळ्ळकन आवाज होतो, त्याचं सुख वेगळं आहे. कायद्यात राहून काहीतरी फोडायला मिळण्याची तेवढी एकच जागा त्या गावात होती, आणि तिथं मोठी माणसंही चेहरा गंभीर ठेवून रांगेत उभी असत.

तर आता, या कबुलीजबाबाचा कुणाला काही उपयोग आहे का? ज्याच्या घरी डबा आहे त्याला तर मुळीच नाही. डबा तो विकत घेत नाही, पालिका देते. त्याला ९९ नको, ९५ चा दाखवा, असं म्हणायला दुकान नाही. उपयोग असलाच तर पालिकेला, कारण ती हजारांनी डबे मागवते. तिनं दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून कमी आवाजाचा डबा निवडावा, अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना. ती अगदीच वेडगळ नाही. झाकणाच्या कडेला रबराचे बुटके ठोकळे बसवले, चाकांना रबर चढवलं, तर आवाज खरोखर उतरतो, आणि तसे डबे मिळतात. काचेच्या पेट्यांचंही तेच. कमी आवाजाच्या पेट्यांना तर जर्मनीत 'ब्लू एंजल' हे पर्यावरणाचं सरकारी चिन्ह मिळतं. म्हणजे छापलेला आकडा वाचणारा कुणीतरी एक अधिकारी कुठल्यातरी टेंडरच्या फायलीत बसलेला आहे. बाकी लाखो घरांसमोर तो आकडा उन्हापावसात उभा आहे, तो त्या एका वाचकाची वाट पाहत. माझ्या माहितीतल्या काही मराठी कवींची अवस्था फार वेगळी नाही.

मला आक्षेप आहे तो दुसराच. डब्याचा आवाज डब्याचा नसतो. तळमजल्यावरच्या आजी झाकण लावतात ते झोपलेल्या तान्ह्या बाळावर दुपटं घालावं तसं : दोन्ही हातांनी, शेवटच्या बोटभर अंतरावर थांबून. वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी तेच झाकण लांबूनच भिरकावतो आणि ते मिटायच्या आत सायकलवर बसलेला असतो. डबा तोच, आकडा तोच. कायद्याला हवा असलेला माणूस, मधोमध धरणारा, झटका न देणारा, झाकण मिटेपर्यंत पुतळ्यासारखा थांबणारा, मी त्या गल्लीत एकही पाहिला नाही. तो फक्त परिशिष्टात राहतो.

आपल्याकडं या बाबतीत जाण जास्त आहे, असं माझं मत. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, पण ते कसं लागलं यावरून बाहेरच्या खोलीतला माणूस बसल्या जागी सगळं ओळखतो. वाटी ओट्यावर ठेवली, वाटी ओट्यावर आपटली, आणि वाटी ओट्यावर अशी ठेवली की आपटल्याचं सिद्ध करता येऊ नये, हे तीन आवाज वेगळे. तिसरा डेसिबलमध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत भयंकर. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस तो आवाज ऐकताच पेपर घडी करून ठेवतो आणि "काही आणायचंय का गं?" असं विचारतो. या वाटीवर कुठला कारखानदार हमी देऊन आकडा छापणार? आणि स्टीलचं ताट पडलं तर? आपटण्याचा आवाज किरकोळ, पण नंतर ते फरशीवर जे घुमत राहतं आणि शेवटी दातओठ खात बसतं, तो सगळा एकच प्रसंग धरायचा की वीस? शिवाय आपल्याकडं परीक्षकानं निश्चल उभं राहून भागणार नाही. ताट पडल्याबरोबर तिन्ही खोल्यांतून "कोणी पाडलं?" असा जो आवाज येतो, तो मोजमापात धरायचा का, हा मोठा तांत्रिक प्रश्न आहे.

योगायोग असा की आपला ध्वनिप्रदूषणाचा नियमही २००० सालचाच. त्यांच्या फर्मानाच्या तीन महिने आधीचा, १४ फेब्रुवारीचा. पण त्याची रीत वेगळी. तो वस्तूला जाब विचारत नाही, वस्तीला विचारतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. शांतता क्षेत्रात त्याहून पाच-पाच कमी. तेही सरासरी. म्हणजे एकदाच आपटलेलं झाकण सरासरीत बुडून जातं, आणि गणपतीच्या दहा दिवसांत सरासरीच बुडते. वस्तूंपैकी आपण फटाक्यालाही धरलं आहे : फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर नको. हा नियम वाचून चार मीटर मोजून उभा राहिलेला माणूस मी अजून पाहायचा आहे. कचऱ्याच्या डब्याला मात्र आपल्याकडं पूर्ण मुभा. डब्याची गरजच काय, कचऱ्याची गाडीच गात येते. सकाळी सात वाजता, कर्णा लावून, स्वच्छतेचं गाणं म्हणत घंटागाडी गल्लीत शिरते तेव्हा तिचा आवाज किती, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, गेली का हो? तिकडं कचरा गुपचूप न्यावा म्हणून कायदे आहेत आणि इकडं गाडी गुपचूप आली तर लोक नगरसेवकाकडं तक्रार करतात. जर्मन माणसाला हे पटणार नाही. पण घंटागाडीच्या मागं एका पायात चप्पल घालून पळालेल्या माणसाला तो आवाज गोंगाट वाटत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

हे सगळं मी जावयाला ऐकवलं. त्याच्यावर परिणाम वेगळाच झाला. त्याला ९९ खरे की खोटे ते तपासायचं सुचलं. फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप त्यानं उतरवून घेतलं. रविवारी सुचलं, म्हणून सोमवारपर्यंत थांबणं आलं. सोमवारी संध्याकाळी आम्ही खाली गेलो. बायको बाल्कनीत, मुलगी दारात ("शेजारी काय म्हणतील?"), नातू राक्षस बाहेर येईल म्हणून माझ्या मागं. मी बिजागरीच्या बाजूला उभा राहिलो. झाकण मधोमध धरलं. डबाही कायद्याप्रमाणं पंचेचाळीस अंशांत कलता करून पाहिला, कारण तो कोन कुठल्या परीक्षेला लागतो हे मला आठवत नव्हतं. जावई फोन पुढं धरून म्हणाला, "सोडा!" मी सोडलं. निश्चल राहिलो. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. वीसपर्यंत जायचं होतं, पण निम्म्यातच तळमजल्याचं दार उघडलं आणि आजी बाहेर आल्या.

जावयानं त्यांना जर्मनमध्ये सगळं समजावलं. फर्मान, क्रमांक, तारीख, परिशिष्ट, रिकामा डबा, वीस वेळा. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढं होऊन त्यांनी झाकण वर केलं, आत वाकून पाहिलं, आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी मुलीला विचारलं.

"म्हणतात, डबा रिकामा हवा ना? हा भरलेला आहे. गाडी गुरुवारी येते."

एवढं बोलून आजी आत गेल्या आणि लगेच परत आल्या. त्यांच्या हातात एक लाकडी पाटी होती. त्या भागात बिऱ्हाडांनी आळीपाळीनं जिना आणि समोरची फरसबंदी झाडायची असते; ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला ती पाटी लागते. आजींनी ती जावयाच्या हातात दिली, झाकण दोन्ही हातांनी लावलं आणि दुसरं वाक्य बोलल्या. ते मुलीनं मला सांगितलं नाही, पण जावई फोन खिशात टाकून झाडू आणायला गेला.